मैदान मध्ये, मजा कडेला: शिवाजी पार्कच्या कट्ट्याचा प्रकरण अभ्यास

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरायचं, फेरीवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत रानडे रोडला लागायचं आणि चालत राहायचं. साड्यांची दुकानं, चपलांची दुकानं, भाजी, गजरे, मध्येच कुणाचा तरी कोपर. मग दुकानं विरळ होतात, झाडं दाट होतात आणि समोर एकदम आकाश दिसतं. मुंबईत आकाश इमारतींच्या फटीतून तुकड्यातुकड्यानं बघायची सवय झालेली असते. असं सलग आकाश दिसलं की पाय आपोआप मंदावतात. दादरकर या जागेला नुसतं ‘पार्क’ म्हणतात. शहरात शेकडो बागा आहेत, पण ‘पार्कात भेटू’ म्हटलं की कुठल्या पार्कात हे दादर-माहीममध्ये कुणी विचारत नाही.

आणि ‘पार्कात भेटू’ म्हणणारे दोघं प्रत्यक्षात भेटतात ते कट्ट्यावर. इथूनच हा अभ्यास सुरू होतो. शिवाजी पार्कबद्दल जे बोललं आणि लिहिलं जातं, कोर्टात जे मांडलं जातं, निवडणुकीच्या तोंडावर ज्यावरून भांडणं होतात, ते सगळं मधल्या मैदानाबद्दल असतं. सभा कुणाची, आवाज किती, माती कसली, गवत का उगवत नाही. रोज संध्याकाळी येणाऱ्यांतली कितीतरी माणसं मात्र मधल्या भागात पाऊलही टाकत नाहीत. ती कडेनं चालतात, कडेला बसतात आणि कडेनंच घरी जातात. मग या जागेचा रोजचा आनंद नेमका कशात आहे? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: तो गुडघाभर उंचीच्या एका भिंतीत आहे. आता ते पटवायचा प्रयत्न करतो.

जागा कशी घडली

मुंबई महापालिकेनं हे मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. दोन वर्षांनी, १९२७ मध्ये, शिवाजी महाराजांच्या जन्माची तीनशे वर्षं साजरी होत असताना नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. (जन्मवर्ष तेव्हा १६२७ धरत. पुढे १६३० मान्य झालं. म्हणजे आजचा हिशेब तेव्हा लावला असता तर नाव बदलायला आणखी तीन वर्षं लागली असती.) अवंतिकाबाई म्हणजे गांधीजींचं पहिलं मराठी चरित्र लिहिणाऱ्या बाई, आणि त्या चरित्राला प्रस्तावना होती टिळकांची. इतक्या मोठ्या मैदानाचं नाव एका नगरसेविकेच्या आग्रहानं बदललं, हे पार्कात रोज फेऱ्या मारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असावं. २०२० मध्ये महापालिकेनं ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ असं पूर्ण नाव केलं. लोकांच्या तोंडी अर्थातच ‘पार्क’च राहिलं.

क्षेत्रफळ अठ्ठावीस एकरांच्या आसपास, म्हणजे सुमारे १ लाख १३ हजार चौरस मीटर. भोवती तीसच्या आणि चाळीसच्या दशकांतल्या तीन-चार मजली इमारती. गोलाई दिलेले सज्जे, जिन्याच्या उभ्या खिडक्या, दारावर कोरलेली ठसठशीत अक्षरं. आर्ट डेको म्हणून आता ज्यांचे फोटो काढले जातात त्या. त्यांतल्या बऱ्याच पुनर्विकासात जात आहेत आणि त्यांच्या जागी टॉवर उठत आहेत. पश्चिमेला स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग, म्हणजे जुना कॅडेल रोड, आणि त्यापलीकडे पाच मिनिटांवर समुद्र. मैदानाला वळसा घालणारा रस्ता केळुसकरांच्या नावाचा आहे. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिवचरित्रकार. मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला आपलं बुद्धचरित्र भेट देणारे गुरुजीही तेच. हा धागा पुढे लागणार आहे.

मैदानाच्या हद्दीत बरंच काही सामावलेलं आहे. उद्यान गणेशाचं मंदिर, समर्थ व्यायाम मंदिर, जिमखाना, लहान मुलांची खेळायची जागा, ज्येष्ठांसाठीचं नाना-नानी पार्क. पश्चिमेच्या बाजूला महाराजांचा अश्वारूढ पुतळा, १९६६ चा. या पुतळ्यात महाराजांच्या हातात तलवार नाही, हात पुढे केलेला आहे. संध्याकाळी खाली बसलेल्या मंडळींपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, ‘महाराज सांगतायत, चला, उठा, आणखी एक राउंड मारा.’ विनोद जुनाच आहे, पण दर पिढीत तो नव्यानं सांगितला जातो.

कट्ट्याचं गणित

मैदानाला उंच कुंपण नाही. कडेला एक बुटकी भिंत सगळ्या मैदानाला वळसा घालते. तिच्या लगत पायवाट, पायवाटेवर झाडांची सावली, त्यापलीकडे रस्ता. ही भिंत म्हणजेच कट्टा. पूर्ण फेरी भरते १.१७ किलोमीटर. तीन फेऱ्या मारल्या की साडेतीन किलोमीटर. डॉक्टरांनी ‘रोज अर्धा-पाऊण तास चाला’ म्हटलेल्या माणसाला याहून सोपा हिशेब नको असतो. पार्कातली माणसं म्हणूनच अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, राउंडमध्ये सांगतात. ‘आज दोनच झाले, गुडघा बोलतोय.’

आता बसण्याचं गणित करू. माणसाला ऐसपैस बसायला दोन फूट धरले, तर ११७० मीटरच्या कट्ट्यावर १९०० हून अधिक माणसं मावतात. येण्याजाण्याच्या वाटा आणि मोडलेले-तुटलेले भाग वजा केले तरी दीड हजार कुठे गेले नाहीत. इतक्या लोकांना बाकांवर बसवायचं तर तीन माणसांचे पाचशे बाक लागतील. पाचशे बाक म्हणजे निविदा, पाचशे बाक म्हणजे पाठीवर रंगवलेली पाचशे नावं, ‘यांच्या स्मरणार्थ’ आणि ‘यांच्या निधीतून’. शिवाय बाकाला पाठ असते. पाठ आली की पुढची आणि मागची बाजू ठरली, म्हणजे कुठे बघायचं ते दुसऱ्यानं ठरवून टाकलं.

कट्ट्याला पाठ नाही. आत तोंड करून बसलात तर क्रिकेट, बाहेर तोंड करून बसलात तर चालणारी माणसं, कुत्री, स्कूटर, ओळखीचे चेहरे. एक पाय आत आणि एक बाहेर टाकून घोड्यावर बसल्यासारखं बसलं की दोन्ही. मित्र आला की सरकायला जागा आहे, नको असलेला माणूस आला की सरकायला तीच जागा आहे. बाकावर तिसरा बसला की दोघांचं बोलणं थांबतं. कट्ट्यावर दोन हात अंतर ठेवून तिसरा, चौथा, दहावा बसतो आणि कुणाचं काही बिघडत नाही.

न्यूयॉर्कमध्ये सत्तरच्या दशकात विल्यम व्हाइट नावाच्या गृहस्थानं शहरातल्या चौकांत कॅमेरे लावून माणसं कशी वागतात ते वर्षानुवर्षं पाहिलं. त्याचा निष्कर्ष ऐकला तर दादरकर हसेल: जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात, आणि माणसांना सगळ्यात जास्त आवडतं ते दुसऱ्या माणसांना बघणं. सुंदर कारंजी आणि महागडे दगड असलेले चौक ओस पडलेले त्यानं पाहिले, कारण तिथे टेकायला काठच नव्हता. आपल्याकडे गावोगावी पार आहेत. वडापिंपळाच्या बुंध्याभोवती बांधलेल्या पारावर गावानं किती निवाडे केले, किती लग्नं जमवली आणि किती भांडणं लावून दिली याची मोजदाद नाही. शिवाजी पार्कचा कट्टा हा लांबवलेला पारच आहे. मधलं झाड काढून तिथे अठ्ठावीस एकर ठेवले, एवढाच फरक.

दिवसाचे भाडेकरू

कट्ट्याची मालकी कुणाची नाही, पण वेळेचे भाडेकरू ठरलेले आहेत. पहाटे पाचला चालणारे येतात. त्यांच्यातही जाती आहेत: हात जोरात हलवणारे, फोनवर शेअर बाजार बोलत चालणारे, आणि एका राउंडनंतर कट्ट्यावर बसून बाकीच्यांचे राउंड मोजणारे. सातच्या पुढे शाळेच्या बसेस. बालमोहनसारखी शाळा हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे मुलांना सोडून आलेल्या आया आणि आजोबा अर्धा तास टेकतात. अकराला ऊन चढतं आणि कट्टा फक्त सावलीपुरता उरतो. दुपारचे धनी सगळ्यात शांत: टॅक्सीवाले, खांद्यावरची मोठी बॅग उशाला घेतलेली डिलिव्हरीची पोरं, डबा खाणारे सेल्समन. त्या वेळी कट्टा हा या भागातला एकमेव फुकट पलंग असतो. सुशोभीकरणाच्या कुठल्याही आराखड्यात ही माणसं काढलेली दिसत नाहीत. तिथे नेहमी फुगा धरलेली मुलगी असते.

चारनंतर पेन्शनर. त्यांच्या जागा पक्क्या असतात. अमक्या झाडाखालचा गट बँकेतला, तमक्या वळणावरचा गिरणीतला, पलीकडचा फक्त आजारांवर बोलणारा. एखादी जागा चार दिवस रिकामी राहिली की पाचव्या दिवशी कुणीतरी घरी फोन करतं. पाच ते आठ गर्दीचा वेळ: कॉलेजची टोळकी, जोडपी, प्रॅममधली बाळं, भेळ, चणे, शेंगदाणे. भूक मोठी असेल तर ‘प्रकाश’चा साबुदाणा वडा आणि पियूष, किंवा सेनाभवनासमोरच्या ‘आस्वाद’ची मिसळ. खाऊन परत यायचं ते कट्ट्यावरच. हॉटेलात बसायला पैसे पडतात आणि खाऊन झाल्यावर वेटर तोंडाकडे बघतो. कट्ट्यावर तसं कुणी बघत नाही. शहरातल्या आनंदाचा हा भाग मोजायला अवघड आणि ओळखायला सोपा आहे: काहीही विकत न घेता दोन तास बसता येतं का?

फुकटची गॅलरी

कट्टा एवढा चालतो त्याला आणखी एक कारण आहे. त्याच्यासमोर रोज काहीतरी चालू असतं. सुशोभित बागेत बसलेल्या माणसाला दहा मिनिटांत कंटाळा येतो, कारण फुलं दहा मिनिटांत बदलत नाहीत. इथे एकाच वेळी सात-आठ सामने रंगलेले असतात. एकाचा थर्डमॅन दुसऱ्याच्या स्लिपशेजारी उभा, तिसऱ्याचा चेंडू चौथ्याच्या पिचवर. बाहेरच्याला हा गोंधळ वाटतो. पोरांना आपला चेंडू कुठला ते बरोबर कळतं.

याच मातीत रमाकांत आचरेकरांनी मुलं घडवली. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचं, सचिनला बाद करेल त्याला ते मिळेल, कुणीच बाद केलं नाही तर सचिनला. ही गोष्ट इतकी सांगून झाली आहे की ती आता दंतकथा वाटते, पण ती नाणी तेंडुलकरनं जपून ठेवली आहेत. वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रममध्ये घातलेला हा मुलगा पार्काजवळ काका-काकूंकडे राहिला, ते मैदान चालत जाण्याच्या अंतरावर असावं म्हणून. त्याच्या आधी वाडेकर, संदीप पाटील. शिवाजी पार्क जिमखाना आणि माटुंग्याच्या दडकर मैदानावरचा दादर युनियन या दोन क्लबांचे सामने बघायला एके काळी लोक कामाचे दिवस असूनही जमत. पावसाळ्यात कांगा लीग. १९४८ पासून चालत आलेली ही स्पर्धा मुद्दाम चिखलात खेळायची, चेंडू कसाही उडतो हे गृहीत धरून. छत्री उघडून कट्ट्यावर उभे राहिलेले प्रेक्षक हे कांगा लीगचं खरं पॅव्हेलियन.

आचरेकर सर २ जानेवारी २०१९ रोजी गेले. २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्या स्मारकाचं इथेच अनावरण झालं. स्मारक चांगलंच आहे. पण मला विचाराल तर सरांचं खरं स्मारक म्हणजे कट्ट्यावरचे ते बिनपगारी प्रशिक्षक, जे बारा वर्षांच्या अनोळखी पोराला बिनदिक्कत ओरडून सांगतात, ‘अरे, कोपर वर ठेव!’ आणि पोरगा वळून न बघता कोपर वर घेतो.

आतल्या बाजूला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब चालतो. तिथले उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. लाकडी खांबावर उलटं लटकलेलं पोर पाहून फेरी मारणारा माणूस क्षणभर थबकतो, स्वतःच्या पोटाकडे बघतो आणि चालण्याचा वेग वाढवतो. हीसुद्धा सार्वजनिक आरोग्याची योजनाच म्हणायची.

वाद मैदानाचा

आता मधल्या भागाकडे. इतकं मोठं, मध्यवर्ती, स्टेशनपासून चालत जाण्याजोगं मैदान म्हटल्यावर सभा होणारच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्र्यांच्या सभा इथे गाजल्या. ३० ऑक्टोबर १९६६ ला शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा इथे भरला आणि मैदानाला ‘शिवतीर्थ’ हे दुसरं नाव मिळालं. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्यावर आणि ६ फेब्रुवारी २०२२ ला लता मंगेशकरांवर अंत्यसंस्कार इथेच झाले. सरकारी संचलनं, दुर्गापूजा, शपथविधी, दीपोत्सव असं काही ना काही सुरूच असतं.

रहिवाशांना हे झेपेना. वीकॉम ट्रस्ट या रहिवाशांच्या संस्थेनं याचिका केली आणि २०१० च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवलं. शाळा, रुग्णालयं, न्यायालयं यांच्या शंभर मीटरच्या परिसरात ध्वनी नियमांनुसार दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा असते. गंमत अशी की दोन माणसं समोरासमोर साधं बोलली तरी आवाज ६० च्या घरात जातो. कट्ट्यावरचे निवृत्त बँकवाले महागाई भत्त्यावर बोलू लागले की कायद्याचं काय होत असेल ते विचारू नये.

मग तडजोडी आल्या. खेळाखेरीज इतर कार्यक्रमांसाठी वर्षातले ४५ दिवस ठरले; त्यांत राष्ट्रीय दिवस, ६ डिसेंबर वगैरे. मेळाव्यांसाठी दरवर्षी परवानगी, अटी, हमीपत्रं. २०२२ मध्ये शिवसेना फुटल्यावर दसऱ्याला मैदान कुणाला मिळणार यावरून दोन्ही गट उच्च न्यायालयात गेले आणि २३ सप्टेंबरला ठाकरे गटाला परवानगी मिळाली. दुसऱ्या गटानं वांद्रे-कुर्ला संकुलात मेळावा घेतला. एका मैदानासाठी एवढी ओढाताण, कारण ते नुसतं मैदान नाही. ते मिळणं म्हणजे वारसा मिळणं.

या वादात दोन्ही बाजूंचं मला पटतं, आणि दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतात. रहिवासी म्हणतात, हे खेळाचं मैदान आहे. राजकीय पक्ष म्हणतात, ही लोकांची जागा आहे. दोन्ही खरं. पण वर्षाचे ४५ दिवस सभांचे आणि उरलेले ३२० खेळाचे, असं वाटप करताना कट्ट्याचा हिशेब कुणीच मांडत नाही. त्याला ३६५ दिवस लागतात. सभेच्या आधी चार दिवस मंडप, नंतर दोन-तीन दिवस मोडतोड, बांबूचे ट्रक पायवाटेवर, पोलिसांचे अडथळे. त्या दिवसांत रोज फेरी मारणारी बाई काय करते, हा प्रश्न न्यायालयात विचारला जात नाही. ती घरी बसते. तिचं नुकसान कुठल्याच आकड्यात येत नाही.

सहा डिसेंबर

यातला एक दिवस मला बाकीच्यांपासून वेगळा काढावासा वाटतो. ६ डिसेंबरला बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी देशभरातून लाखो माणसं चैत्यभूमीवर येतात. महापालिका पार्कात मंडप, पाणी, दवाखान्याची सोय करते आणि दोन-तीन दिवस मैदान माणसांनी भरून जातं. दुःखाचा दिवस आहे, त्याला आनंद म्हणणं धाडसाचं. पण पुस्तकांच्या त्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. मराठवाड्यातून, विदर्भातून जनरल डब्यात उभ्यानं आलेली माणसं जमिनीवर मांडलेल्या पुस्तकांसमोर उकिडवी बसून पानं चाळतात, भाव करतात, पिशवीत तीन-चार पुस्तकं टाकतात आणि मग कट्ट्यावर बसून भाकरी सोडतात. भोवतीच्या रस्त्याला नाव आहे ते भीमरावांच्या हाती बुद्धचरित्र ठेवणाऱ्या केळुसकर गुरुजींचं. नगररचनेत योगायोगानं साधलेली इतकी सुंदर गोष्ट मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आसपासच्या काही सोसायट्यांत त्या दिवसांत गाडी काढून लोणावळ्याला जायची पद्धत आहे. कारण विचारलं तर ‘गर्दी’ म्हणतात. गर्दी दसऱ्यालाही असते, दिवाळीच्या रोषणाईलाही असते, तेव्हा लोणावळा आठवत नाही. सार्वजनिक जागेत सगळे येतात याचा अर्थ सगळे सगळ्यांना हवे असतात असा नाही, आणि हे न लिहिता कट्ट्याचं कौतुक करणं खोटं ठरेल.

बायकांचा कट्टा

तसंच बायकांचं. मुंबईत पुरुष नाक्यावर नुसता उभा राहू शकतो, बाईला उभं राहायला कारण लागतं: बस, भाजी, मुलाची शाळा. कारण नसेल तर ती फोन कानाला लावते. पार्कातली पायवाट तिला एक कारण देते, चालण्याचं. ‘राउंड मारायला जाते’ म्हणून घराबाहेर पडलेली बाई तिसऱ्या राउंडनंतर कट्ट्यावर टेकते, मैत्रीण भेटते आणि पाऊण तास निघून जातो. चालणं हा परवाना आणि बसणं ही चैन. रात्री नऊलाही बायका निवांत बसलेल्या दिसतात, कारण कडेला दिवे आहेत, वर्दळ आहे आणि कट्टा बुटका असल्यानं सगळं सगळ्यांना दिसतं. उंच भिंत किंवा दाट झुडपांची कुंपणं घातली असती तर हे झालं नसतं. पण दोन तास बसायचं तर स्वच्छतागृह जवळ, स्वच्छ आणि उघडं असायला हवं. रोषणाईसाठी उत्साहानं पुढे येणारे इथे मागे सरतात. नळाला फीत बांधून उद्घाटन करण्यात शोभा नाही.

धूळ

आणि मग धूळ. गेल्या काही वर्षांत शिवाजी पार्कचा सगळ्यात मोठा प्रश्न आवाजाचा राहिलेला नाही, मातीचा आहे. मैदानावर लाल मातीचे थर टाकले गेले. पावसाळ्यात ती बसते, दिवाळीनंतर सुकते आणि पिठासारखी होते. हजारो पाय रोज तुडवत असतात, त्यामुळे गवत धरत नाही. गवत नाही म्हणून माती सुटी. माती सुटी म्हणून धूळ. हिवाळ्यात मुंबईची हवा मंद असते, उडालेली धूळ लवकर वर जात नाही, खालीच तरंगते आणि अलगद उतरते. कुठे? कडेला. कट्ट्यावर, पायवाटेवर, झाडांच्या पानांवर, समोरच्या घरांच्या खिडक्यांवर.

पाणी मारून पाहिलं, गवत पेरून पाहिलं, पर्जन्यजल साठवायची योजना केली, आयआयटीच्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला. माती काढा म्हणणारे आहेत, काढली तर पिचचं काय म्हणणारेही आहेत. हा प्रश्न अवघड आहे यात शंका नाही. खेळ, सभा आणि गवत यांतली कुठलीही दोन एकत्र नांदतील, तिन्ही नांदणं कठीण. मैदानाचा चौथा हिस्सा आळीपाळीनं एक हंगाम मोकळा ठेवावा, असं मला वाटतं. शेतकरी जमीन पडीक ठेवतो, तसं. पण कुठल्या क्लबाचं पिच आधी बंद करायचं हे ठरवायला बसलेली बैठक कशी होईल, त्याची कल्पना करवत नाही.

धुळीनं एक गोष्ट मात्र उघड केली. मधलं मैदान आणि कडेचा कट्टा हे दोन वेगळे विषय नाहीत. आत जे तुडवलं जातं ते कडेला श्वासातून आत जातं. दम्यामुळे एखाद्या आजोबांनी पार्क सोडलं की त्यांच्या गटातली जागा रिकामी होते, आणि चार दिवसांनी फोन जातो तेव्हा घरचे सांगतात, ‘आता गच्चीवर चालतात ते.’

कट्ट्याचं काय करावं

२०२५ मध्ये मैदानाला शंभर वर्षं झाली. शंभरी म्हटली की काहीतरी करायची खुमखुमी येते. माझं म्हणणं एवढंच की कट्ट्याला शक्यतो हात लावू नये. तुटलेला भाग जसा होता तसा बांधावा, तेवढ्याच उंचीचा. ग्रॅनाइट बसवू नये, ते उन्हात तापतं आणि पावसात पाय घसरतो. मध्ये लोखंडी हात बसवू नयेत, दुपारी झोपणाऱ्याला उठवायचा तो सभ्य मार्ग असतो. झाडांभोवतीचं काँक्रीट फोडून मुळांना श्वास घेऊ द्यावा, कारण सावली गेली तर दुपारचा कट्टा गेला. कडेनं उभ्या केलेल्या गाड्यांच्या रांगांबद्दल मी बोलत नाही. टॉवर होऊन पार्किंग वाढलं तरी रस्त्यावरच्या गाड्या कमी झालेल्या नाहीत, आणि कट्ट्यावरून बाहेर बघणाऱ्याला आता माणसांऐवजी बॉनेट दिसतात.

एका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो होतो. रात्रीची सभा संपून मंडप उतरवायचं काम चाललेलं. वेळूचे ढीग, दोरांची भेंडोळी, पाण्याच्या बाटल्या, चुरगळलेले झेंडे. मातीत ओळीनं खड्डे, प्रत्येक बांबूचा एक. कट्ट्यावर दोन पेन्शनर रात्रीचं भाषण कसं पडलं यावर तावातावानं बोलत होते. मध्ये सात-आठ वर्षांची चार पोरं बॅट घेऊन आली. त्यांच्याकडे तीन स्टंप होते आणि जमीन कडक होती. एकानं इकडेतिकडे पाहिलं, बांबूचे तीन खड्डे जवळजवळ असलेली जागा शोधली, स्टंप त्यात उभे केले आणि भोवती पायानं माती लोटली. दुसऱ्यानं पावलं मोजायला सुरुवात केली. बाविसावं पाऊल मंडपवाल्याच्या ट्रकपाशी पडलं, तेव्हा कट्ट्यावरचा एक पेन्शनर भाषण अर्धवट सोडून ओरडला, ‘अरे ड्रायव्हर, गाडी जरा मागे घे की, पोरांना रनअप मिळत नाहीये.’